एलडीएन घ्यायचं तर घ्या, पण मेथो सोडायला सांगू नका

फोंडेकर
परवा या ग्रुपवर म्हादईताईंनी एलडीएनबद्दल (कमी डोसचं नाल्ट्रेक्झोन) लिहिलं: "रात्री साडेचार मिलिग्रॅम नाल्ट्रेक्झोन सुरू केलं आणि मेथोट्रेक्सेट नावाचं विष कचऱ्यात टाकलं. आमवात असलेल्या सगळ्यांनी टाका. डॉक्टर सांगणार नाहीत, कारण यात कंपन्यांना पैसा नाही." खाली लगेच "कुठे मिळतं?" विचारणाऱ्यांची रांग. त्या रांगेत आमच्या वाड्यावरची, अजून तिशीही न गाठलेली एक मुलगी दिसली, म्हणून एवढं लांब लिहितोय.

ताईंचं दुखणं कमी झालं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ऑफ-लेबल, म्हणजे मान्यता एका आजाराची आणि वापर दुसऱ्यासाठी, हे ऐकून मी दचकतही नाही. मेथो (मेथोट्रेक्सेट) मुळात कॅन्सरचं औषध, हायड्रॉक्सी (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) मलेरियाचं. दोन्ही आज माझ्या डब्यात आहेत. माझं भांडण "टाका" या एका शब्दाशी आहे.

आमवातात दुखणं वेगळं आणि सांधा झिजणं वेगळं. दुखणं थांबलं तरी आत हाड कुरतडलं जाऊ शकतं, आणि एकदा बोट वाकडं झालं की कुठलीही गोळी ते सरळ करत नाही. मेथो ही झीज मंदावतं. नाल्ट्रेक्झोन मंदावतं असं दाखवणारी चाचणी कुणाकडे असेल तर इथे मांडावी.

एलडीएनच्या बाजूने लोक सांगतात तो अभ्यास 2011 चा, पेनसिल्व्हेनियातला, क्रोन्सवरचा. चाळीस रुग्ण, बारा आठवडे. औषधवाल्यांत 88 टक्क्यांना फरक पडला, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 40 टक्क्यांना. आकडा चांगलाच आहे. पण आजार पूर्ण शांत होण्यात दोन गटांत ठाम फरक दिसला नाही, आणि क्रोन्स म्हणजे आतड्यांचा आजार. त्यावरून माझ्या मनगटाचा निकाल कसा लावायचा?

म्हादई
"विष" मी मागे घेणार नाही. गोळीच्या दुसऱ्या दिवशी उलट्या, डोकं बधिर, वर्गावर उभं राहणं अशक्य. दोन डॉक्टरांना सांगितलं. एक म्हणाले सवय होईल. दुसऱ्यांनी कागदावरची मान वर न करता फोलिक अ‍ॅसिडची गोळी वाढवली. रुमॅटॉलॉजिस्टची (सांध्यांच्या तज्ज्ञाची) तारीख कधी मिळते ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तोवर मी काय करायचं होतं? एलडीएनची सुरुवातीला विचित्र स्वप्नं पडली, मग झोप लागायला लागली. आता सकाळी मूठ वळते. यंदा चतुर्थीच्या नेवऱ्या मी स्वतः केल्या.

आणि चाचणी मागताय ती करणार कोण? नाल्ट्रेक्झोनला 1984 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, अफूच्या व्यसनासाठी. पेटंट कधीच संपलं. स्वस्त गोळीवर करोडो घालणारी कंपनी दाखवा.

औषधवाला म्हापसा
वादात पडत नाही, पण काउंटरवर रोज जे बघतो ते सांगतो. आपल्याकडे नाल्ट्रेक्झोन पन्नास मिलिग्रॅमचं येतं. लोक घरी पाण्यात विरघळवून सिरिंजने मापतात किंवा सुरीने तुकडे करतात. तुकड्यांत डोस कधीच सारखा येत नाही. त्याहून मोठी गोष्ट: हे औषध अफूवर्गीय वेदनाशामकांना अडवतं. सांधेदुखीच्या अर्ध्या चिठ्ठ्यांवर ट्रामाडॉल असतं, ते त्याच वर्गातलं. रोज ट्रामाडॉल घेणाऱ्याने यावर नाल्ट्रेक्झोन घेतलं तर विथड्रॉवल (सवयीचं औषध एकदम तुटल्याचा त्रास) होऊन तो आडवा पडेल. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्याला हे आधी सांगावंच लागतं. "कुठे मिळतं" विचारणाऱ्या एकानेही हे विचारलं नाही.

मेथोबद्दलही तेवढंच. ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर वार लिहून घ्या.

पात्रांव
ऑफ-लेबल म्हटलं की मला मे 2021 आठवतो. लोक ऑक्सिजनसाठी तडफडत होते आणि आपल्या सरकारने जाहीर काय केलं? अठरा वर्षांवरच्या प्रत्येक गोवेकराला आयव्हरमेक्टिन, बारा मिलिग्रॅम, पाच दिवस. आजारी असो वा नसो! जागतिक आरोग्य संघटनेने त्याच मार्चमध्ये सांगितलं होतं की कोविडला हे फक्त चाचण्यांमध्ये वापरा. अख्ख्या राज्यावर प्रयोग करायला निघालेल्यांना कुणी जाब विचारला नाही, आणि इथे एका बाईच्या साडेचार मिलिग्रॅमवर पंचायत भरलीय.

साखळीकर
पात्रांव, त्या दिवसांत घरात पाच माणसं तापाने पडलेली असताना हातात काहीतरी असणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. माझ्या बाबांनी घेतलं, ते उठले. कुणाला काही झालं नाही.

पात्रांव
बाबा उठले याचा आनंद आहे. न घेतलेलेही लाखो उठले. गोळीने उठले हे कशावरून? आणि गोळी खिशात आहे म्हणून मास्क काढून बाजारात फिरलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. नुकसान असं होतं.

साखळीकर
तुम्हाला प्रत्येक विषयात सरकारच दिसतं. माझ्या घरच्या मरणादारच्या गोष्टीवर राजकारण करू नका.

अबोली
दोघेही थांबा. मला लुपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, आणि हायड्रॉक्सी त्यावरची माझी गोळी. मार्च 2020 मध्ये हायड्रॉक्सी कोविडवर चालेल अशी हूल उठली आणि धडधाकट माणसांनी पत्तेच्या पत्ते घरात नेऊन ठेवले. सरकारने निर्यात थांबवली, विक्रीचे नियम कडक केले, तरी माझ्या गावात गोळी मिळेना. भाऊ लॉकडाऊनचा पास काढून फार्मसीमागून फार्मसी फिरला. माझ्या मूत्रपिंडाला सूज आली होती, मला ती गोळी जगायला हवी होती. जूनपर्यंत ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीतून कळलं की हायड्रॉक्सीचा कोविडवर उपयोग नाही. तेव्हा साखळीकर, "कुणाला काही झालं नाही" असं माझ्यासमोर म्हणू नका.

साखळीकर
हायड्रॉक्सीचं मला माहीत नव्हतं. ते चूकच झालं. आयव्हरमेक्टिनबद्दल माझं मत तेच आहे.

फोंडेकर
अबोलीने रिकव्हरीचं नाव घेतलं ते बरं झालं, कारण म्हादईताईंच्या पेटंटच्या मुद्द्याला उत्तर तिथेच आहे. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त, पेटंट नसलेलं औषध तपासलं गेलं आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. तेही काही महिन्यांत, सरकारी पैशावर. कंपनी येत नसेल तर सरकारकडे मागा, आयसीएमआरकडे (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) मागा. मेथोदेखील आमवातासाठी असंच वर आलं. जुनं औषध, कमी डोस, 1985 च्या सुमारास नीट चाचण्या, 1988 मध्ये अमेरिकेत मान्यता. त्या वाटेने एलडीएन आलं तर पहिला मी घेईन.

म्हादई
कोविडला जग थांबलं होतं म्हणून पैसा आला. आमच्या बोटांसाठी कोण थांबणार आहे? नॉर्वेत 2013 मध्ये टीव्हीवर एक माहितीपट आला आणि हजारो लोकांनी हे सुरू केलं. तिथल्या नोंदींमध्ये आमवाताच्या ज्या रुग्णांनी ते नियमित घेतलं त्यांची बाकीची औषधं कमी झालेली दिसली. याला तुम्ही पुरावा म्हणणार नाही, मला माहीत आहे.

फोंडेकर
अर्धा पुरावा म्हणेन. त्या प्रिस्क्रिप्शनच्या नोंदी आहेत. ज्यांना बरं वाटलं तेच गोळी घेत राहिले, बाकीचे गळाले. औषधं कमी झाली हे दिसतं, सांधे कसे होते ते दिसत नाही. त्याच नॉर्वेत एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) रुग्णांत आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांत औषधं कमी झालेली दिसली नाहीत, हेही सांगा ना. डेन्मार्कमध्ये फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर दुखण्याचा आजार) 99 बायकांवर सहा मिलिग्रॅमची चाचणी झाली, 2024 मध्ये छापून आली. दुखण्यात प्लासिबोहून ठाम फरक नाही.

पण एक गोष्ट तुमची खरी. थकवा आणि दुखणं यांना आमच्या डॉक्टरांच्या खोलीत जागा नाही. रिपोर्ट बरा आला की माणूस बरा, असं धरून चालतात. तिथेच माणसं असल्या पोस्टकडे वळतात, आणि त्यासाठी मी तुम्हाला दोष देत नाही.

अबोली
म्हादईताई, मेथोच्या गोळीने मलाही असंच व्हायचं. माझ्या डॉक्टरांनी मेथोच्याच इंजेक्शनवर टाकलं, मांडीत स्वतः टोचते. मळमळ खूपच कमी. तेही जमलं नाही तर लेफ्लुनोमाइड आहे, सल्फासॅलाझिन आहे. गोळी सोसत नाही म्हणजे सगळा उपचार सोडायचा असं थोडंच आहे? आणि सगळं सोडल्यापासून सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) केलाय का?

म्हादई
नाही केला. इंजेक्शनचं मला कुणी सांगितलंच नाही, दोघांपैकी एकानेही नाही, आणि हा राग आता कुणावर काढायचा ते कळत नाही. सीआरपी करून घेते, हाताचा एक्सरेही. फोंडेकर म्हणतात म्हणून नव्हे, अबोली म्हणाली म्हणून. पोस्टमधलं "सगळ्यांनी टाका" काढते. "मला फरक पडला" ते राहील, आणि एलडीएनही चालू राहील.

औषधवाला म्हापसा
राहू दे. पण चिठ्ठी घेऊन, आणि ट्रामाडॉल घरात असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगून.

फोंडेकर
एक्सरे काढताना पावलांचाही काढायला सांगा. बऱ्याच जणांत झीज हातांच्या आधी पावलांच्या बोटांत दिसते. आणि वाड्यावरच्या त्या मुलीने मला मेसेज केलाय, तिच्या चिठ्ठीवर ट्रामाडॉल आहे. ताई, तिला तुम्हीच फोन करा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल.