पिल्ले उचलणारा पक्षी घार की शिक्रा?

प्रश्न : दापोली तालुक्यातील आमच्या परसात १२ गावठी कोंबड्या मोकळ्या फिरतात. गेल्या पंधरवड्यात भरदिवसा चार पिल्ले गेली. पक्षी पारव्याएवढा, पाठीने राखाडी असून फणसाच्या फांदीआडून झेपावला आणि क्षणात नाहीसा झाला. ही घार असेल का, आणि बंदोबस्त कसा करावा?

उत्तर : वर्णनावरून तो शिक्रा वाटतो. घार आकाराने त्याच्या जवळजवळ दुप्पट असते, तिची शेपटी टोकाशी दुभंगलेली दिसते आणि ती उघड्यावर घिरट्या घालते. शिक्रा मात्र पानांआड दबा धरून बसतो. गळ्याच्या मधोमध काळसर रेघ आणि छातीवर तांबूस आडव्या रेषा दिसल्या, तर शंका उरणार नाही. मोठी कोंबडी त्याला सहसा पेलत नाही, म्हणून पिल्ले अंगाने भरेपर्यंत डालग्याखाली किंवा वरून जाळी ताणलेल्या आवारातच ठेवावीत.

उत्तर : डालगे दिवसापुरते ठीक. आमच्या खुराड्याची पातळ षट्कोनी जाळी रानमांजराने एका रात्रीत फाडली. तेव्हापासून अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली मजबूत जाळी) लावली असून, खालून कोणी उकरू नये म्हणून ती वीतभर जमिनीत पुरली आहे. गलोल किंवा विष मात्र मनातही आणू नये, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारी पक्ष्यांना मारणे हा गुन्हा आहे.

प्रश्नकर्ता : आज सकाळी तो पुन्हा फणसावर बसला होता. गळ्यावरची रेघ स्पष्ट दिसली.