मदत हवी आहे: जुन्या फ्लॉप्यांमधल्या जात्यावरच्या ओव्या

नमस्कार मंडळी,

चिपळूणच्या घराला रंग द्यायचाय म्हणून माळा रिकामा केला. पितळी भांडी, आजोबांची छत्री, इनलँड पत्रांचा गठ्ठा असं बरंच निघालं. त्यातच एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बाबांच्या फ्लॉप्या सापडल्या.

बाबा प्राथमिक शिक्षक होते. नव्वदच्या दशकात त्यांनी आसपासच्या वाड्यांमध्ये हिंडून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. दळण गिरणीत जायला लागून वर्षं झाली होती, जाती पडवीत पडून होती, पण ओव्या तोंडपाठ होत्या. त्या वह्या खालच्या कपाटात होत्या. जुलै २०२१ च्या पुरात त्यांचा लगदा झाला. सांगणाऱ्या बायकांपैकी आज कोणीही हयात नाही. आता जे काही उरलंय ते या डब्यात, म्हणून जिवाला घोर लागलाय.

फ्लॉप्या दोन प्रकारच्या आहेत. ३.५ इंची, १.४४ एमबीच्या, लेबलांवर बाबांच्या निळ्या शाईत 'ओव्या, भाऊराया', 'ओव्या, सासुरवास' असं लिहिलंय. आणि काही ५.२५ इंची, वाकणाऱ्या. यांच्या लांबट खिडकीतून आतल्या चकतीवर पांढुरके ठिपके दिसतात. कोकणातली दमट हवा, बुरशीच असणार.

भाच्याने यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह आणून दिला. 'भाऊराया' उघडली! आतल्या फाइलींच्या नावांशेवटी पीएम५ आहे. बाबा म्हणतात, टायपिंग बाजारपेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडून पेजमेकर या छपाईची पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये करून घेतलं होतं. नोटपॅडमध्ये मात्र नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. 'सासुरवास' घातली की ड्राइव्ह कर्रकर्र वाजतो आणि विंडोज 'फॉरमॅट करायची का' असं विचारतं. 'नाही' म्हणून ती बाजूला ठेवली आहे.

बुरशी घरी साफ करावी का? ५.२५ इंची फ्लॉपी वाचणारं कोणी पुण्या-मुंबईकडे आहे का? आणि त्या चिन्हांचं मराठी कसं करायचं? 'भाऊराया'च्या काही पानांचं प्रिंटआउट शाबूत आहे. बाबा रोज विचारतात, "उघडल्या का गं?" त्यांना त्या वाचून दाखवायच्या आहेत.

प्रतिसाद

ताई, आधी एक करा: ठिपकेवाली एकही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि मग चांगल्या फ्लॉपीवरही चरे पडतात. 'सासुरवास'ही आता पुन्हा पुन्हा फिरवू नका. तुमचा यूएसबी ड्राइव्ह ५.२५ ला चालणार नाही, त्याला त्या मापाचा जुना ड्राइव्ह आणि ग्रीसवीझलसारखा बोर्ड (जुना ड्राइव्ह आजच्या कॉम्प्युटरला जोडणारं छोटं सर्किट) लागतो. नीट वाचली न जाणाऱ्या ३.५ इंचीलाही तोच बोर्ड उपयोगी पडतो, कारण तो चकतीवरचा चुंबकीय सिग्नल जसाच्या तसा उतरवून घेतो. बुरशी आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते, पण सराव नसेल तर हे काम जाणत्याकडेच द्या.

चांगल्या फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. (५.२५ ला उलट: कडेची खाच चिकटपट्टीने बंद करायची.) मग सुटी फाइल उघडत बसण्याआधी अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एकाच फाइलीत हुबेहूब प्रत, काढून दोन ठिकाणी ठेवा.

चिन्हांची काळजी करू नका, मजकूर जागेवर आहे. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत, आणि श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येकाची मांडणी वेगळी. पेजमेकर ६.५ मध्ये ही फाइल उघडा. कुठला फॉन्ट सापडत नाही ते तो नावासकट सांगेल. नाव कळलं की त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर, म्हणजे जुना मजकूर आजच्या मराठी अक्षरांत बदलणारा प्रोग्राम, वापरायचा. रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, तिथे प्रिंटआउट समोर ठेवून तपासा. ओव्यांची बोली शुद्धलेखनाच्या नियमात बसवू नका.

प्रिंटआउटच्या एका पानाचा स्पष्ट फोटो इथे टाका. अक्षराच्या वळणावरून फॉन्ट ओळखायचा प्रयत्न करतो.