पॅराक्वाट फवारणाऱ्या बाबांचा हात थरथरतो, मदत हवी आहे

नमस्कार. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात. कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. बाबा साठीच्या पुढचे. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरतो, तोही नुसते बसलेले असले की. कप उचलला की थांबतो. चालताना तो हात हलत नाही. सही इतकी बारीक झाली की बँकेने कागद परत केला. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, वय झालं.

मला शंका वेगळी आहे. निंदणाला बाया मिळेनाशा झाल्यापासून बाबा तासांमधलं आणि धुऱ्यावरचं गवत पॅराक्वाटने जाळतात. पंप गळका, पाठ भिजते. २०१७ च्या फवारणीच्या विषबाधेनंतर आणलेला मास्क खुंटीलाच आहे. हे औषध मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मारतं असं वाचलं. खरं आहे का? कुठे दाखवू? (गूगल करा म्हणू नका, त्यानेच झोप उडाली आहे.)

औषधशास्त्रवाला: ताई, शंका उगाच नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात बनावट हेरॉइन टोचून घेतलेली तरुण मंडळी अचानक ओंडक्यासारखी ताठ झाली. त्यात एमपीटीपी नावाचं रसायन निघालं. मेंदूत एक एन्झाइम त्याचं एमपीपी+ हे विष करतं, डोपामिनच्या पेशी ते स्वतःहून आत ओढून घेतात आणि त्यांचा ऊर्जेचा पुरवठाच बंद पडतो. पॅराक्वाटची रचना या एमपीपी+ शी बरीच जुळते, तिथून संशय सुरू झाला. पेशींना इजा करायची त्याची पद्धत मात्र वेगळी. अमेरिकेतल्या २०११ च्या एका अभ्यासात पॅराक्वाट वापरलेल्यांत पार्किन्सन्सचं (कंपवाताचं, डोपामिनच्या पेशी मरून होतो तो आजार) प्रमाण सुमारे अडीचपट दिसलं. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. पण बाबांना त्यानेच झालं का, हे कुठलीही तपासणी सांगणार नाही, आणि उपचारही त्याने बदलत नाहीत.

त्यापेक्षा एक विचारतो. पोटाच्या किंवा चक्करेच्या गोळ्या चालू आहेत का? लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन यांनी अशीच लक्षणं येतात. आपल्याकडे हे फार दुर्लक्षित आहे.

धागाकर्ती: गॅससाठी रोज सकाळी एक कॅप्सूल घेतात, मेडिकलमधूनच आणलेली. आईला पाकिटाचा फोटो पाठवायला लावला. खाली बारीक अक्षरांत लेव्होसल्पिराइड आहे! बंद करायला सांगू?

औषधशास्त्रवाला: पाकीट घेऊन आधी न्यूरोलॉजिस्टला भेटा, तेच बंद करतील. या त्रासाचं कारण ती कॅप्सूलच असेल तर काही आठवड्या-महिन्यांत बराच उतार पडतो. नाही पडला, तर आत पार्किन्सन्स सुरू झालेला असू शकतो, मग त्यावर लेव्होडोपा हे औषध आहे. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटीत हा विभाग आहे. फवारणीची सगळी हकीकत सांगा, किती वर्षं, कोणकोणती औषधं. आणि एमआरआय साफ आला म्हणून परत फिरू नका, पार्किन्सन्सचं निदान डॉक्टर हातापायांची तपासणी करूनच करतात.

धुऱ्यावरचा: पंप आजच काढून घ्या बाबांकडून. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याला उतारा नाही, म्हणून उरलेली बाटली घरात, त्यातही थंड पेयाच्या बाटलीत ओतून तर अजिबात ठेवू नका. गवताचं म्हणाल तर औंदा डवरे (बैलांची कोळपणी) वाढवा. दोन पाळ्या जास्तीच्या पडतील.