पद्मिनीला इंजेक्शन आणि पाचवा गिअर: करू की नको?

पार्लेकर_८६

नमस्कार मंडळी. बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, क्रीम रंगाची. बाबा गेल्यावर दोन वर्षं सोसायटीत कव्हरखाली पडून होती, गेल्या वर्षी चालू केली. इंजिन मूळचंच, १०८९ सीसी. पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बुरेटर सोलेक्सचा. चार गिअर, स्टिअरिंगच्या दांड्यावर. पार्ल्यात, दादरला, मरीन ड्राइव्हला झकास पळते.

रडगाणं हायवेचं आहे. दिवाळीत चिपळूणला निघालो. मागे आई आणि सामान, पुढच्या सलग सीटवर मी, बायको आणि मध्ये लेक. वडखळच्या अलीकडे अर्धा तास रांगेत सरकत होतो आणि गाडी गप्प. बॉनेट उघडलं, आईच्या पाण्याची बाटली इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर रिकामी केली, वर ओलं फडकं ठेवलं. वीस मिनिटांनी चालू झाली. माणगावला पुन्हा तेच. आणि सत्तरच्या वर नेली की इंजिन असं ओरडतं की आई म्हणाली, "हळू रे, हिला धाप लागलीय."

एका गॅरेजवाल्याने सांगितलंय की कार्बुरेटर काढून फ्युएल इंजेक्शन (दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) करू आणि मारुती ईकोचा पाच गिअरवाला गिअरबॉक्स बसवू, म्हणजे ओव्हरड्राइव्ह मिळेल, वेग तोच पण इंजिनाच्या फेऱ्या कमी. पावणेदोन लाख म्हणतोय. कोणी केलंय का? पैसे वसूल होतात का?

घाटकोपरचा_बंड्या

पावणेदोन लाखात जुनी वॅगनआर येते, एसीसकट. पद्मिनी रविवारी पुसायला ठेव. (चिडू नकोस, माझ्या आजोबांची टॅक्सी होती, म्हणून बोलायचा हक्क आहे.)

जुना_स्पॅनर

वयाने मोठा असणार, म्हणून अरेतुरे करतो. राहतो लालबागला, गाडी १९७८ ची, आणि तू म्हणतोस ते दोन्ही उद्योग तिच्यावर करून झालेत. इंजेक्शन अजून आहे. पाच गिअरचा बॉक्स काढून जुना परत बसवला.

आधी दुखणं नीट बघ. तुझी गाडी कार्बुरेटरमुळे बंद पडत नाही. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला आहे आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. रांगेत उभा राहिलास की बॉनेटखाली भट्टी पेटते, पंपात वाफ भरते. पंप पातळ पेट्रोल ढकलायला केलेला, वाफ नुसती आत दबते आणि फुगते, पुढे जात नाही. इंजेक्शनने हा त्रास जातो हे खरं, पण का जातो ते बघ. तिथे पंप टाकीत किंवा टाकीशेजारी असतो, मागून ढकलतो, तेही तीन बारच्या आसपास दाबाने, आणि उरलेलं पेट्रोल फिरून टाकीत जातं. म्हणजे तुला इंजेक्शन नकोय रे, तुला मागचा पंप हवाय.

तो कार्बुरेटर ठेवूनही बसतो. टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लाव, पाव बारच्या आतला. इंजेक्शनचा पंप चुकूनही लावू नकोस. कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईला तो दाब झेपत नाही, पेट्रोल वाहून थेट गरम मॅनिफोल्डवर येईल. आणि ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा स्विच हवाच, नाहीतर ठोकर झाली, इंजिन थांबलं, तरी पंप आपला पेट्रोल ओतत बसतो. जुन्या रबरी नळ्या सगळ्या काढून टाक. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते जुनं रबर फुगवतं आणि मऊ करतं. इथेनॉलमुळे मिश्रणही थोडं पातळ होतं, तेव्हा मेन जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा घालून स्पार्क प्लगचा रंग बघ. पांढरट दिसला तर अजून भूक आहे. चहात घातलेल्या बिस्किटासारखा तपकिरी आला की थांब.

आता माझी कथा. इंजेक्शन भाच्याने केलं. स्पीडुइनो म्हणून एक कंट्रोलर आहे, आर्डुइनो मेगावर चालतो, त्याचा आराखडा सगळ्यांना खुला आहे. क्रँकच्या पुलीवर छत्तीस दातांची चकती, त्यातला एक दात मुद्दाम काढलेला. ती फट सेन्सरसमोरून गेली की कंट्रोलरला कळतं पिस्टन कुठे आहे. पंप, सेन्सर, थ्रॉटल बॉडी कुर्ल्याला सीएसटी रोडवर चार दुकानं पालथी घालून जमवलं. दोन महिन्यांत गाडी चालू झाली. पोरगा लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी, आणि मी सातरस्ता ते भायखळा फेऱ्या मारतोय.

मग एक दिवस जेजे पुलाच्या नागमोडी वळणावर गाडी मेली. पुढच्या आठवड्यात त्याच वळणावर पुन्हा. मागे बेस्टची बस, हॉर्नचा कल्लोळ. तीन आठवडे वायरिंग शोधत बसलो. कारण फारच साधं निघालं. टाकी पाव भरलेली असली की वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा पितो. कार्बुरेटरच्या वाटीत घोटभर शिल्लक असायचं, म्हणून चाळीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. इंजेक्शनकडे शिल्लक नसते, दाब गेला की खेळ खलास. शेवटी एक लिटरची मधली टाकी लावली तेव्हा सुटका झाली. तुझ्या गाडीत अजून डायनॅमो असेल तर आल्टरनेटर लावावाच लागेल, सिग्नलला डायनॅमो काही पुरवत नाही आणि कंट्रोलर रुसतो. बॅटरी पार बसली तर धक्का मारूनही चालू होणार नाही, हे पण लक्षात ठेव.

फायदा? सकाळी पहिल्या फटक्यात चालू होते, चोक नाही काही नाही. पूर्वी लिटरला अकरा किलोमीटर जायची, आता साडेतेरा जाते. ताकद? जैसे थे. वाल्व तेच, कॉम्प्रेशन तेच, घोडे कुठून येणार?

गिअरबॉक्स मात्र शुद्ध आगाऊपणा होता. मुळात पाचवा गिअर म्हणजे ती जुनी ओव्हरड्राइव्हची पेटी नव्हे. ब्रिटिश गाड्यांत लेकॉक कंपनीची वेगळी पेटी गिअरबॉक्सच्या मागे असायची, बटण दाबलं की सोलेनॉइड आणि तेलाच्या दाबाने आतला कोन सरकायचा, क्लच दाबायचीही गरज नाही. तुला देतायत तो साधा पाच गिअरचा बॉक्स. हिशोब सोपा आहे: चौथ्यात इंजिनाच्या एका फेरीला शाफ्टची एक, म्हणजे एकास एक, पाचवा ०.८ धरला तर त्याच वेगाला इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांचे चोवीसशे होतात. आवाज उतरतो, कबूल. पण इंजिन चाळीस-बेचाळीस घोड्यांचं. चार माणसं, सामान, समोरून वारा, आणि चोवीसशेवर ते काय ओढणार? तुझाच रस्ता मनात चालवून बघ. पनवेलहून निघालास की कर्नाळ्याची खिंड, पुढे वडखळची रांग, मग सुकेळी खिंड. माणगाव, महाड गावातून जायचं. कशेडीला आता बोगदा झालाय, पण पुढे खेड सोडलं की परशुराम घाट आहेच. पाचवा पडणार कुठे? मोकळा सपाट पट्टा मिळाला तर, आणि तिथेही पुढे ट्रक असतो.

शिवाय तो बॉक्स फियाटच्या इंजिनाला बसत नाही. मध्ये ॲडॉप्टर प्लेट करावी लागते आणि ती क्रँकच्या मध्याशी तंतोतंत हवी. माझी केसभर सरकलेली होती. आठ महिन्यांत इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं, दुसऱ्या गिअरला कुत्रं गुरगुरल्यासारखा आवाज. मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून छोटा केला, स्पीडोमीटर खोटं सांगायला लागला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिअरचा दांडा खालून येतो. जमिनीला भोक पाडून पुढची सलग सीट कापावी लागली. तुझा लेक बसतो ना मध्ये? तीच जागा गेली समज. मिसेस मागे जाऊन बसली ती वर्षभर पुढे आली नाही.

ताडदेव_फाइल

कागदांचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमाप्रमाणे उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. पंपनळ्यांवरून कोणी वाद घालणार नाही, पण गिअरबॉक्स आणि कापलेली जमीन फिटनेसच्या वेळी दिसते. काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही. दुसरं म्हणजे तुमची गाडी २०३६ ला पन्नास वर्षांची होईल. २०२१ च्या नियमानुसार पन्नासहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नोंदणी वीस हजार. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार केलेले असले तर नाही.

पार्लेकर_८६

काका, सीटचं वाचून घरात मतदान झालं. लेकाने दोन्ही हात वर केले. गिअरबॉक्स रद्द. पण तो इंजिनाचा आवाज?

जुना_स्पॅनर

एक्झॉस्टची जॉइंटं, पंख्याची पाती आणि इंजिनाचे रबर माउंट बघ. अर्धा आवाज तिथेच असतो. उरलेला आईला सांग, ही बाई बोलकीच आहे.

पार्लेकर_८६

दीड महिन्याने लिहितोय. पंप मागे गेला, स्विचसकट. नळ्या सगळ्या नव्या, जेट एक नंबर मोठा, डावं माउंट फाटलेलं होतं ते बदललं. सगळं मिळून साडेअकरा हजार. शनिवारी चिपळूणला जाऊन आलो. वडखळला या वेळी पन्नास मिनिटं, ऊन डोक्यावर, शेजारची एसीवाली गाडी बॉनेट उघडून उभी. आपली टुकटुक करत सरकत राहिली. पंचाहत्तरच्या वर नेली नाही. माणगावला थांबलो ते मिसळीसाठी. फडकं डिकीत घडी करून ठेवलं होतं, तसंच कोरडं परत आलं.