शेती करमुक्त, पण शेतीला जोडलेला धंदा? शेतकऱ्याने कराचा हिशेब शिकावा की नाही?

द्राक्षबाग, तासगाव
पाच एकर बाग आहे. थोडा माल ताजा विकतो, बाकीचा बेदाणा. चार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांची द्राक्षंही विकत घ्यायला लागलो, त्यांचाही बेदाणा केला. सगळ्या पट्ट्यांचे, म्हणजे विक्रीच्या पावत्यांचे, पैसे एकाच बचत खात्यात, बरेच रोखीने भरलेले. वर्षात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोकड भरली की बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते, हे मला नोटीस आल्यावर समजलं. बागेतला माल कुठला आणि विकतचा कुठला, हे कागदावर वेगळं दाखवता येईना. ऐन छाटणीत मजूर रानात आणि मी पट्ट्या, सातबारा, पीकपेरा जुळवत बसलेलो.
माझं म्हणणं इतकंच: फवारणीवर दरवर्षी चर्चासत्रं होतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी एक दिवस कराच्या हिशेबालाही द्यावा.

कोरडवाहू, परभणी
दादा, हे बागायतीचं दुखणं आहे. माझं तीन एकर सोयाबीन. खतावर 5 टक्के जीएसटी भरतो, तणनाशकावर 18 टक्के. व्यापाऱ्याला भरलेला कर वजा मिळतो, मला एक पैसा परत मिळत नाही. आधीच कर भरणाऱ्या माणसाला वर कराचं शिक्षण कशाला? आज वही ठेवा म्हणतील, उद्या रिटर्न भरा, परवा शेतीवरच कर. ही वाट कुठे जाते ते आम्हाला दिसतंय.

हिशेबनीस
जीएसटीचं तुमचं म्हणणं रास्त आहे, त्याचा बोजा शेतकऱ्यावरच पडतो. पण भीती आणि कायदा वेगळे ठेवू. नुसतं सोयाबीन विकणाऱ्याला रिटर्नची सक्ती नाही. रोपवाटिकेतल्या रोपांचं उत्पन्नही शेतीचंच धरतात. दूध आणि कोंबड्या मात्र शेती नाही, तो धंदा.
खरी ठेच लागते ती दोन्ही असणाऱ्याला. समजा व्यापारातला नफा 15 लाख आणि स्वतःच्या बागेचं निव्वळ उत्पन्न 10 लाख. 2025-26 च्या प्राप्तिकराच्या नव्या प्रणालीत नुसत्या 15 लाखांवर कर होतो 1,05,000. पण शेतीचे 10 लाख करमुक्त राहूनही दर ठरवताना मोजले जातात. 25 लाखांवरचा कर 3,30,000, त्यातून 14 लाखांवरचा (शेतीचे 10 आणि मूळ सुटीचे, म्हणजे ज्यांवर कर लागत नाही ते पहिले 4) 90,000 वजा. भरायचे 2,40,000, उपकर वेगळा. हे मार्चमध्ये कळलं तर वर्ष चालू असतानाच भरायच्या आगाऊ कराचे हप्ते चुकलेले असतात आणि व्याज लागतं.

कोरडवाहू, परभणी
15 लाख नफा! आमच्या गावात दाखवा असा एक जण. आणि शेतीच्या नावाखाली काळा पैसा पांढरा करणारे शहरातले लोक आहेत, त्यांची चौकशी आधी करा. त्यांच्यापायी आमच्याकडे संशयाने बघतात.

गोठा, संगमनेर
त्या संशयासाठीच तर कागद हवा, भाऊ. मी बारावी झालेली, गोठ्याचा हिशेब मीच बघते. दुधाचं खातं वेगळं, शेतीचं वेगळं, एवढ्यानेच निम्मं काम होतं. वर्षाचं दूध साधारण 30 लाखांचं, सगळं बँकेतून. अंदाजित नफ्याच्या योजनेत बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के नफा धरतात, म्हणजे 1,80,000. मूळ सूट 4 लाखांची, त्यामुळे कर शून्य, आणि पेंडीची बिलं जपायची कटकट नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. गोठ्याच्या कर्जासाठी बँकेने तीन वर्षांचे रिटर्न मागितले आणि ते नसल्यामुळे अर्ज परत आला, तेव्हा विचारत फिरले.

द्राक्षबाग, तासगाव
ताई, हेच! बेदाण्यावर जीएसटी आहे का, यावरून आमच्याकडे किती वाद व्हायचे. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर तो नाही. पण मी शेजाऱ्याची द्राक्षं घेऊन बेदाणा विकला, तर तेवढ्यापुरता मी व्यापारी. ही रेषा आमच्या शेडमध्येच आहे आणि ती कुणी दाखवत नाही.

कोरडवाहू, परभणी
गोठ्याचं पटलं, दोन म्हशी माझ्याकडेही आहेत. पण सल्लागार दोन हजार घेऊन भीती घालतात, ते शिक्षण नको. सोयाबीन निघाल्यावर, गावात, फुकट आणि आपल्या भाषेत सांगणार असाल तर येतो. आणि त्याच बैठकीत खता-औषधांवरचा जीएसटी कमी करायचा ठराव घ्यायचा. तो घेणार का, ते आधी सांगा.