‘पाय टेकत नाहीत तर स्कूटीच बरी’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

गियरवाली_अक्का
काल ‘घाटवाट’ काकांनी इथं एक पोस्ट टाकली. थोडक्यात अशी: मुलींनी रॉयल एनफील्ड क्लासिक 350च्या नादाला लागू नये, 195 किलोची गाडी झेपत नाही. घ्यायचीच तर सीट कापून, शॉकअप (चाकाचे धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे) आखूड लावून उंची उतरवून घ्यावी. आणि लेडीज रायडर ग्रुप म्हणजे बेळगावजवळच्या राजहंसगडावर फोटो काढून परत. खाली लाईकांचा ढीग. म्हणून एवढं लांबण लावतोय.

195 किलो कुणीच उचलत नाही ओ काका, तालमीतला पैलवानसुद्धा नाही. गाडी सरळ असते तोवर वजन टायरांवर असतं, कलायला लागली की तुमच्या पायावर येतं. मग ती कलते कशानं? जास्तकरून एकाच चुकीनं: थांबता थांबता हँडल वळलेलं आणि त्यातच पुढचा ब्रेक दाबला. गाडी वळलेल्या बाजूला अंग टाकते आणि पाय खाली जायच्या आत गेलेली असते. शेवटचे पाच-सहा फूट हँडल सरळ, पुढचा ब्रेक सोडलेला, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा खाली. दोन्ही पाय सपाट टेकायची गरजच नाही. डाव्या पायाचा चवडा नीट बसला की भागतं.

दुसरं म्हणजे थांबायची जागा. जांबोटी रस्त्याला डांबराची कड साईडपट्टीपेक्षा कितीतरी ठिकाणी चार बोटं उंच आहे. डावा पाय त्या खळग्यात गेला तर सहा फुटी माणूसही आडवा होतो. तिथं उंचीचा काय संबंध? थांबायच्या आधी पाय कुठं पडणार ते बघायचं, एवढंच. हे शिकवायला ग्रुप लागतो. फोटो काढतात म्हणे. काढू देत की! बाप्यांचे ग्रुप चोर्ला घाटात जाऊन काय पारायण करतात?

घाटवाट
अक्का, राग कशाला? कळकळीनं लिहिलं होतं. आमच्या भाचीनं क्लासिक घेतली, दोन महिन्यांत विकली. आकडेच बघा. क्लासिक 350ची सीट 805 मिलिमीटर, अ‍ॅक्टिव्हाची 692. चार इंचांहून जास्त फरक. पाच फूट एक इंचाच्या पोरीनं काय करायचं, स्टूल घेऊन फिरायचं? सीट कापली, शॉकअप उतरवले तर बिघडलं कुठं?

पुणे_बेळगाव_पुणे
आधी एक शंका. अक्का म्हणून लिहिताय आणि ‘लांबण लावतोय’? बाई की बुवा?

गियरवाली_अक्का
बेळगावात बायका असंच बोलतात. नावातलं दुसरं बेळगाव कधी बघितलं नाही वाटतं.

उद्यमबाग_फिटर
शॉकअपचा विषय काढलाच आहे तर ऐका, कारण हे उतरवलेले नग आमच्याकडेच परत येतात.

मागं आखूड शॉकअप लावले की गाडी मागं बसते, हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो. साईड स्टँड आहे तेवढाच, मग गाडी जवळजवळ सरळ उभी राहते. जरा धक्का लागला की उजवीकडे. सेंटर स्टँडवर घ्यायला आधीपेक्षा जास्त जोर लागतो. म्हणजे जिला वजन झेपत नाही म्हणताय तिच्याच डोक्यावर आणखी वजन दिलंत. स्पीडब्रेकरला पोट घासतं ते वेगळंच. चेनचा ढिलेपणा बदलतो, तो परत कुणी मोजत नाही. पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) टी-मधून, म्हणजे हँडलखालच्या पकडीतून, वर ओढणारेही आहेत. नुसतं पुढूनच उतरवलं तर हँडल चंचल होतं. उतरवायचंच असेल तर पुढचं-मागचं मापात, साईड स्टँड कापून परत वेल्ड, हेडलाईट सेट. एवढं करणारा मिस्त्री दाखवा.

सीटचंही तेच. वरून सरसकट फोम कापला की पातळ झालेला फोम दबतो आणि माकडहाड खालच्या बेसला लागतं. खानापूरला पोचेपर्यंत माणूस उभं राहून गाडी चालवायला लागतं. कापायचा तर टाकीजवळचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता करा, बोटभर. उंचीइतकाच रुंदीचाही प्रश्न असतो. मांड्या फाकल्या की पायाची लांबी वाया जाते. तो भाग अरुंद केला की तेच पाय सरळ खाली जातात. बसायची जागा जाड ती जाडच राहू दे.

आणि हे काही करायच्या आधी फुकटातलं करा. क्लासिकच्या मागच्या शॉकअपला स्प्रिंग मऊ-ताठ करायच्या 6 खाचा आहेत. सी-पान्यानं (आकड्यासारख्या पान्यानं) दोन्ही बाजू सगळ्यात मऊ खाचेवर आणा. पन्नास किलोचं माणूस बसलं की स्प्रिंग फारशी दबत नाही, ऐंशीच्या माणसाखाली तीच गाडी आपोआप बसते. कॅटलॉगातले 805 त्यामुळे हलक्या माणसाला जास्त टोचतात. डबलसीट जाताना मात्र खाच परत वर घ्यायची, नाहीतर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटेल.

घाटवाट
एवढं सगळं करण्यापेक्षा स्कूटी स्वस्त नाही का पडत?

गियरवाली_अक्का
पान्यानं खाच फिरवायला स्कूटीपेक्षा जास्त पैसे कुठं लागतात? उंचीचाच बाऊ असेल तर मिटिअरची सीट 765 आहे, अ‍ॅव्हेंजर स्ट्रीटची 737. ‘घेऊ नको’ आणि ‘ही घेऊन बघ’ यात फरक आहे.

तवंदी_उतार
सीट राहू दे, शॉकअप राहू दे. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांचं काय करणार ते बोला! एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं बुजलेला, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. निपाणी-चिकोडीकडं रात्री ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. रस्त्यावर पडलेलं वाढं, पाचट, त्यावर दव. त्यावर ब्रेक मारला की पोरगा काय, पोरगी काय, सगळे सारखेच खाली. आधी ते बंद करा, मग बायकांना सल्ले द्या.

पुणे_बेळगाव_पुणे
विषय काय, चाललंय काय!

तवंदी_उतार
विषय जीव वाचवायचा चाललाय. पाचटावर ब्रेक नको, हँडल सरळ ठेवून नुसता थ्रॉटल सोडा. ट्रॉलीला डावीकडून घुसू नका, डावीकडं वळताना मागची ट्रॉली आत कापते. आणि अंधार पडायच्या आत घरी. झालं, बोलायचं ते बोललो.

वडगावकरीण
सगळे सीटवर बसलाय, कागदावर कुणीच येईना. आपल्याकडं बहुतेक बायकांचं लायसन्स अ‍ॅक्टिव्हावर काढलेलं, ‘विदाऊट गियर’. त्यावर बुलेट चालवणं म्हणजे लायसन्स नसल्यासारखंच. अपघात झाला की विमावाले पहिलं तेच बघतात. सारथी पोर्टलवर गियरच्या वर्गासाठी शिकाऊ काढायचं, 30 दिवसांनी पक्क्याची टेस्ट. शिकाऊची मुदत 6 महिने, टेस्टला गियरचीच गाडी न्यायची. शिकाऊवर मैत्रिणीला मागं बसवायचं नाही, पक्कं लायसन्स असलेली शिकवणारी असली तरच. कोल्हापूरहून जुनी एमएच 09 स्वस्तात आणून इथंच ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, 12 महिन्यांच्या पुढं गेली तर इथला नंबर घ्यावा लागतो. एनओसी आणि टॅक्स धरूनच ‘स्वस्त’ म्हणा.

पुणे_बेळगाव_पुणे
हे सगळं पुरुषांनाही लागू आहे. मग बायकांचा वेगळा ग्रुप कशाला? रस्ता वेगळा आहे का?

वडगावकरीण
बाईकर्नी हा बायकांचाच रायडर ग्रुप, 2011 साली तुमच्याच पुण्यात सुरू झाली, तिथं विचारलंत का? रस्ता एकच, पण राईडचा आराखडा कोण करतं? चोर्ल्याची राईड ठरते, थांबे तीन, तिन्ही चहाच्या टपऱ्या. संडास एकाही ठिकाणी नाही. बायका मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. नव्या पोरीला ‘तू आपली हळू ये मागनं’ म्हणून शेवटी टाकतात. रांगेत शेवटच्याला सगळ्यात जास्त पळवावं लागतं, पुढचे वळणाआड गेले की ती भरून काढायला जाते. नवीन माणूस म्होरक्याच्या लगेच मागं पाहिजे, आणि शेवटी हवेचा पंप, पंक्चर किट घेतलेला जुना हात. एवढं मिश्र ग्रुप करत असतील तर वेगळा नको.

पुणे_बेळगाव_पुणे
शेवटी कोण हा मुद्दा बरोबर आहे. टोमणा गरजेचा नव्हता.

घाटवाट
बरं बाई, शॉकअपचं मागं घेतो. फिटरसाहेबांपुढं आम्ही कोण! पण गाडी पडलीच तर? एकटी पोरगी कणकुंबीच्या पुढं, धुकं, फोनला रेंज धड नाही. तिथं तुमची खाच काय कामाची?

गियरवाली_अक्का
आता नीट विचारलंत. पडलेली गाडी पाठ दाखवून उचलायची. आधी इंजिन बंद. उजवीकडं पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढायचा आणि गियरमध्ये टाकायची, म्हणजे उभी झाली की पलीकडं जाणार नाही. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडं पाठ करून सीटच्या काठाला ढुंगण लावून बसा. एक हात खालच्या हँडलच्या मुठीला, दुसरा सीटमागच्या धरायच्या दांडीला, सायलेन्सरला नाही. पाठ ताठ ठेवून पायांनी रेटत, वीतभर वीतभर पावलं मागं टाकत जायचं. जोर मांड्यांचा, कंबरेचा नाही. डावीकडं पडली असेल तर स्टँड अडकलेला असतो, तेव्हा उभी झाल्यावर सावकाश, पायानं चाचपून काढायचा. उतारावर चाक घसरायला लागलं तर खाली दगड.

उद्यमबाग_फिटर
फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) बऱ्याच गाड्या आडव्या झाल्या की सेन्सर इंजिन बंद करतो. उचलल्यावर सेल्फ मारत बसू नका, चावी बंद करून परत चालू करा. क्लचची लिव्हर वाकलीय का, पुढचा ब्रेक धरतोय का बघा, मगच बसा. आणि काका, भाचीच्या गाडीचा क्लच जड होता काय? बऱ्याचदा केबल एखाद्या ठिकाणी मुडपलेली असते, नाहीतर लिव्हरचा पिव्होट सुका. ग्रीसचं बोट फिरवलं असतं तर गाडी विकायची वेळ आली नसती.

घाटवाट
क्लच जड होता, खरं आहे. आता काय बोलायचं. पण सीट कापली असती तरी चाललं असतं, एवढं मी म्हणणार.

उद्यमबाग_फिटर
टाकीजवळ, बाजूनं.

घाटवाट
टाकीजवळ, बाजूनं. झालं समाधान?

गियरवाली_अक्का
रविवारी सकाळी साडेसहाला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर थांबणं आणि उचलणं दोन्ही करणार. पाडायला एक जुनी गाडी आहे, लेग गार्डला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. भाचीला पाठवा, गाडी नसली तरी चालेल. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, चप्पल घालून आलेल्यांना बघत बसावं लागेल. फोटोही काढणार.

उद्यमबाग_फिटर
त्या जुन्या गाडीत पेट्रोल पाव टाकीच ठेवा. भरलेली आडवी केली की झाकणातून गळतं.