विषय: शहराच्या वाहतूक खात्यात इंटर्नशिप, घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी गेल्या ऑगस्टमध्ये बे एरियात आले, शहर नियोजनात मास्टर्स करतेय. उन्हाळ्यासाठी दोन ऑफर आहेत: एका शहराचा वाहतूक नियोजन विभाग आणि एक कन्सल्टन्सी. कन्सल्टन्सी तासाला सहा डॉलर जास्त देतेय. शहराच्या जाहिरातीत ‘फील्डवर्क’ एवढंच लिहिलंय, मुलाखतीत विचारलं, तर बाई म्हणाल्या, “टोपी आणा.” इथे कुणी असं काम केलंय का?

— नवीन सभासद, ओकलंड

---

टोपी आणच, आणि पाण्याची बाटली मोठी घे.

नऊ वर्षांपूर्वी मी इकडच्याच एका शहरात स्प्रिंगला अर्धवेळ आणि मग उन्हाळाभर पूर्णवेळ हे काम केलं. सुरुवातीला नुसती मोजणी. सकाळी ७ ते ९, दुपारी ४ ते ६, चौकात घडीची खुर्ची टाकून बसायचं. मांडीवर बटणांची पाटी: गाडी डावीकडे वळली की एक बटण, सरळ गेली की दुसरं, पादचारी वेगळे, सायकली वेगळ्या, दर पंधरा मिनिटांचा हिशेब निराळा. आता बरंचसं कॅमेरे करतात, पण कॅमेऱ्याचे आकडे पडताळायचं काम इंटर्नच्याच गळ्यात पडतं. एकदा अख्खी सकाळ मन लावून मोजलं आणि दुपारी कळलं की त्या आठवड्यात तिथल्या शाळांना स्प्रिंग ब्रेक आहे. मोजणी मंगळवार ते गुरुवार, शाळा चालू असताना करायची असते. सगळे आकडे पाण्यात. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

खरं शिकले ते स्टॉपवॉचवर. रस्ता ओलांडायला किती सेकंद द्यायचे, याचा हिशेब माणूस सेकंदाला साडेतीन फूट चालतो असं धरून करतात (पूर्वी चार धरायचे). म्हणजे ७० फुटी रस्त्याला २० सेकंद. त्याच उन्हाळ्यात आई पुण्याहून आली होती. तिला घेऊन मी माझ्याच चौकात गेले. गुडघे दुखरे, त्यात साडी. सिग्नलवरचे उलटे आकडे शून्यावर आले तेव्हा अजून एक लेन पार करायची होती. कागदावर सगळं बरोबर होतं! जिथे हळू चालणाऱ्यांची वर्दळ असते तिथे कमी वेग धरायची मुभा नियमातच आहे, आणि त्या चौकापाशी ज्येष्ठांची इमारत होती. मी दोन पानी मेमो लिहिला. तो सिग्नलच्या पेटीपर्यंत पोचायला पुढची होळी उजाडली, पण पोचला.

कॉलेजात आम्हाला चौकांना ए ते एफ ग्रेड द्यायला शिकवायचे, गाडी किती सेकंद खोळंबते त्यावरून. त्या हिशेबात बससाठी लेन काढली की चौक नापास, मग बसमध्ये साठ माणसं का असेनात. कॅलिफोर्नियात २०१३ च्या एसबी ७४३ कायद्यामुळे हे बदललं. १ जुलै २०२० पासून राज्यभर पर्यावरण परीक्षणात गाड्यांचा खोळंबा नाही, तर प्रकल्पामुळे गाड्या एकूण किती मैल धावतील ते बघतात. मुलाखतीत हे कुणी विचारलं नाही, तरी तू काढ.

सहा डॉलरचा फरक खोटा नाही, इथली भाडी मलाही माहीत आहेत. तरी मी शहर घेईन. कन्सल्टन्सीत तू अहवाल लिहिशील. त्यातल्या कुठल्या तीन ओळी कोण वाचतं, हे शहराच्या ऑफिसात बसल्याशिवाय कळत नाही. मात्र पुढे नोकरीसाठी व्हिसा स्पॉन्सर करतात का, ते आत्ताच विचार. बऱ्याच शहरांची तयारी नसते.

— अ. ताई

---

एक कोरडी सूचना. सीपीटीची (शिकत असताना काम करायची, विद्यार्थी व्हिसावरची) परवानगी हातात आल्याशिवाय एक दिवसही कामावर जाऊ नकोस. आणि पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली की त्या पदवीची ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी) जाते. एका उन्हाळ्याने काही बिघडत नाही.

— म. (खजिनदार. गणपतीची वर्गणी अजून निम्म्या लोकांकडून येणे आहे.)

---

मुली, तू ती इंटर्नशिप घेच, आणि पहिल्या दिवशी विचार की आमच्या कोपऱ्यावरची पार्किंगची जागा कुणी गिळली. बावीस वर्षं मी तिथे गाडी लावतोय. लाल पट्टा नाही, पाटी नाही, आणि काचेवर तिकीट!

सॅन फ्रान्सिस्कोत व्हॅन नेसच्या बस लेनला मतदारांनी २००३ मध्ये पैसे मंजूर केले, आणि ती सुरू झाली १ एप्रिल २०२२ ला. तारीख मी बनवलेली नाही. तेवढ्यात आमचा चिरंजीव बालवाडीतून कॉलेज संपवून बाहेर पडला. माझी जागा मात्र रातोरात!

— देशपांडे काका

---

काका, रातोरात कुठे? एबी ४१३ कायदा २०२३ चा. २०२४ मध्ये बहुतेक ठिकाणी नुसती ताकीद होती, दंड १ जानेवारी २०२५ पासून. गाडी येते त्या बाजूला क्रॉसिंगच्या आधी २० फूट मोकळे सोडायचे, पट्टा रंगवलेला असो वा नसो. तुमच्या उंच गाडीआडून बाहेर पडणारं पोर समोरच्याला दिसत नाही, म्हणून. रंग न लावता दंड करणं मलाही पटत नाही, ते सोडा.

व्हॅन नेस हा शहराचा रस्ता आहेच, शिवाय यूएस १०१ हा महामार्गही आहे, म्हणजे राज्याचं खातंही आलं. त्यात खालचे जुने पाण्याचे नळ आणि मैलावाहिन्या बदलल्या. बस आपली सगळ्यात वरचा थर.

आणि नवीन सभासद, उन्हाळ्यात शाळा बंद, त्यामुळे मोजणी कमीच असेल. तुझ्या वाट्याला बहुधा हे कोपरेच येतील.

— अ. ताई

---

सगळ्यांचे आभार. शहराला होकार कळवला, सीपीटीचा अर्जही टाकला. काका, तुमचा कोपरा नक्की कुठला ते मला वेगळं कळवा. मोजपट्टी घेऊन येते.

---

ये. पोहे करतो. पण गाडी कुठे लावशील?

— दे. काका